आधी माझ्यावर बसा

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे आणि माझ्यावर आजवर सव्वीस नट बसले आहेत. हसू नका. आमच्या व्होल्गाकाठच्या नाटकगृहातला तो रिवाजच आहे. संवादांचे कागद हातातून पडले, की उचलण्याआधी जिथल्या तिथे त्यांच्यावर बसायचे. नाहीतर भूमिका बिघडलीच म्हणून समजा. नट राजाच्या पोशाखात असो की अस्वलाच्या, निमूट फतकल मारतो आणि मगच उठतो. कोण अलगद टेकले आणि कोण धपकन आदळले, हे माझ्या पाठीला अजून आठवते.

माझा जन्म कपडेपटातल्या मेजावर झाला. आत साधे रेघांचे कागद, वर टोपीच्या खोक्याचा पुठ्ठा आणि त्यावर तपकिरी मेणकापड. आमची प्रॉम्प्टर कापितोलिना येगोरोव्हना हिने जांभळ्या शाईने माझ्यात एक नाटक उतरवले. लग्नाची बोलणी आणि मुलीचा तिरसट बाप, असे ते विनोदी नाटक. तिला सगळे नुसते येगोरोव्हना म्हणत. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, कासवाच्या पाठीसारख्या लहानशा खोपटीत बसून ती नटांना विसरलेली वाक्ये कुजबुजून सांगे. खांद्यावर लोकरी शाल, गालात पेपरमिंट आणि पुढ्यात मी.

माझी खरी श्रीमंती समासात होती. नट मुद्दाम थांबतो तिथे ती निळी रेघ ओढी, विसरतो तिथे लाल. निळ्या रेघेवर मदत केली तर नट चिडतो, लाल रेघेवर नाही केली तर नाटक पडते. बापाचे काम करणारे अवेनीर लुकिच हे आमचे मुख्य नट. एकोणीस वर्षांत त्यांच्या नावावर एकेचाळीस लाल रेघा जमल्या. बाहेर मात्र ते सांगत फिरत, की प्रॉम्प्टर नवशिक्यांना लागतो.

एका हिवाळ्यात मोठ्या शहरातून नवे दिग्दर्शक आले, रोदिओन मार्कोविच. गळ्यात मफलर, डोक्यात विसावे शतक. पहिल्याच दिवशी खोपटीकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, रंगमंचाला हे टेंगूळ कशाला? त्यावर फळ्या ठोकायचे ठरले. येगोरोव्हनाने यापुढे प्रेक्षकांचे कोट सांभाळायचे. तिने साऱ्या नटांकडे एकेकदा पाहिले. कोणीतरी बोलावे, एवढेच तिला हवे होते. पण बोलणे म्हणजे आपण विसरतो हे कबूल करणे. कुणाला बुटाची नाडी बांधायची आठवण झाली, कुणाला खोकला आला. लुकिच तर छताचे झुंबर न्याहाळू लागले. मला सगळ्यांच्या रेघा पाठ होत्या, पण वहीला तोंड कुठे असते?

फळ्या ठोकल्या गेल्या. पुढच्याच रविवारी दुपारी प्रयोग होता; सकाळीच लुकिच बर्फावर घसरले आणि घोटा सुजवून बसले. दिग्दर्शक म्हणाले, काळजी नको, बापाचे काम मीच करतो, सकाळभरात पाठ होईल. मला हातात धरून ते बोळातून पुटपुटत निघाले आणि मी निसटून खाली पडले.

बोळातली माणसे जागच्या जागी थांबली. पाय स्टुलावर टाकून बसलेले लुकिच हळूच म्हणाले, "रोदिओन मार्कोविच, बसा की जरा तिच्यावर. काही झिजत नाही तुमचं."

"लुकिच, अहो, माणूस अवकाशात जाऊन आला."

"तो परत आला, कारण खालून कुणीतरी त्याच्याशी बोलत होतं," येगोरोव्हना कोटांच्या खुंट्यांकडून म्हणाली.

ते हसले. मला दोन बोटांनी उचलून, धूळ झटकून त्यांनी तिच्या हाती दिले आणि मिशी चिकटवायला गेले. मित्रांनो, बसल्याशिवाय मला कुणी उचलल्याची ती पहिलीच वेळ. मन जरा खट्टू झाले, खोटे कशाला बोलू?

पहिला अंक बरा गेला. दुसऱ्यात मुलगा मागणी घालतो आणि बाप उत्तर देतो. बापाने तोंड उघडले आणि तसेच ठेवले. बाजूच्या दारात मला उराशी धरून येगोरोव्हना मोजत होती. पाच. सहा. सात. प्रेक्षक भारावले, केवढा हा विराम! नऊला ती वळली. तिच्या हिशेबात सातपर्यंत निळी रेघ आणि नवापासून लाल. हा माणूस बुडत होता आणि ते सगळ्या नाटकगृहात तिला एकटीला कळले होते. घडीभर ती थांबली असती, तर तिला कोण बोल लावणार होते?

ती जिना उतरून रंगमंचाखाली गेली, वाकून खोपटीत शिरली आणि फळ्यांच्या फटीला तोंड लावून कुजबुजली, "मुलगी देत नाही, पण चहा पिऊनच जा."

दिग्दर्शकांनी जमिनीकडे पाहिले. हळूहळू गुडघे टेकले, फटीपाशी कान नेला आणि वाक्य म्हटले. टाळ्यांनी झुंबर हलले. उरलेल्या नाटकभर तो बाप त्या फळ्यांपासून दोन पावलांच्या पुढे गेला नाही.

पडदा पडल्यावर ते मिशीसकट खाली आले. येगोरोव्हनाच्या हातातून मला घेतले, बोळात नेऊन नेमक्या पडलेल्या जागी ठेवले आणि सगळ्यांसमोर माझ्यावर बसले. वजनदार माणूस, पण अलगद टेकला.

"किती वेळ बसायचं असतं?" त्यांनी विचारले.

"पाठ होईपर्यंत," लुकिच म्हणाले. मग घसा साफ करून सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलले, "मी एकेचाळीस वेळा विसरलोय. वहीत आहे. त्या फळ्या काढा."

फळ्या त्याच संध्याकाळी निघाल्या. येगोरोव्हनाने नव्या नावापुढे पहिली लाल रेघ ओढली आणि त्यानंतर चौदा वर्षे ती खोपटीतच बसली.

आता मी प्रवेशदालनात काचेच्या पेटीत असते. मान आहे, पण ऊब नाही. माझी एवढीच विनंती आहे. ज्यांचा आवाज तुमच्या तोंडून येतो, त्यांना कोटांच्या खुंट्यांकडे पाठवू नका. आणि कागद पडले, तर घाईने उचलू नका.

परवाच एका नव्या नटीच्या हातून माझ्या पेटीसमोर कागद पडले. तिने इकडेतिकडे पाहिले. दालनात कोणी नव्हते. ती पटकन त्यांच्यावर बसली, माझ्याकडे पाहून ओशाळून हसली आणि तालमीला पळाली.

तिच्या त्या थांबण्यापुढे मी मनातल्या मनात एक निळी रेघ ओढली.