मुकादमबाईंची सॅक

माझ्या बायकोला आमच्या धंद्यात सगळे मुकादम म्हणतात. मीही म्हणतो, पण घरात म्हटलं की ती डोळे वटारते. आम्ही लोकांची घरं हलवतो. म्हणजे घरातलं सामान खोक्यांत भरतो, जिन्यांवरून उतरवतो आणि दुसऱ्या जिन्यांवरून चढवतो. ती माणसांची टोळी सांभाळते आणि स्वतः पुढे होऊन ओझी उचलते, मी ट्रक चालवतो आणि कपाटांची जड बाजू धरतो. माझा धाकटा भाऊ ऑफिसात बसून फोन घेतो आणि कुणी बघत नसलं की खुर्चीवर गोल गोल फिरतो.

मागच्या वर्षी मुकादमच्या हृदयाची एक झडप बदलावी लागली. डॉक्टर म्हणाले, आता हळूहळू सगळं करा. पण 'सगळं' म्हणजे नक्की किती, ते काही केल्या कळेना. भावाने परस्पर एक नवी खुर्ची आणून स्वतःच्या शेजारी मांडली. "वहिनी, आता आरामात फोन घ्यायचे." मेलेला उंदीर दिसावा तशी ती त्या खुर्चीकडे बघायची.

शेवटी तिनेच तोडगा काढला. डोंगरांचं वेड आम्हा दोघांना लग्नाआधीपासूनचं. "मोठ्या खिंडीतून जाऊ," ती म्हणाली. "माझी सॅक मी स्वतः पलीकडच्या निवाऱ्यापर्यंत नेली, तर ट्रकवर परत. नाही नेता आली, तर ती खुर्ची. मग मी चकार शब्द काढणार नाही. पण सॅकला हात लावायचा नाही."

हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. दुसऱ्याच्या पाठीवरच्या ओझ्याला न विचारता हात लावायचा नाही, कारण आपण मदत करायला जातो आणि त्याचा तोल जातो. मी मान डोलावली. मनात मात्र पहिल्या चढाच्या आधीच बेइमानी होती. माझी बायको डोंगरात छातीला हात लावून बसलीय, असं चित्र मला रोज डोळ्यांपुढे दिसत होतं. त्यापुढे नियम गेला खड्ड्यात.

शहाणी माणसं डोंगरात हलकं सामान नेतात. आम्ही खाण्याचे पत्र्याचे डबे नेले. "हलक्या सामानाची कसली परीक्षा?" असं मुकादम म्हणाली. दोघांकडे सारखेच डबे आणि सारख्याच इंधनाच्या बाटल्या. प्रत्येक वस्तू फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, कारण खोक्यात काही खडखडलं तर आम्हाला झोप येत नाही.

सकाळी ती ओढ्यावर तोंड धुवायला गेली की मी तिची सॅक उघडायचो. तळाच्या गुंडाळ्यांतून एखाद-दुसरा डबा अलगद काढायचा आणि रिकामी गुंडाळी पुन्हा फुगवून तिथेच बसवायची. आकार तोच, जागा तीच. इतकी वर्षं भरलेली खोकी काय फुकट गेली? डबा माझ्या सॅकमध्ये वर जायचा, आणि मग मुकादम ओली बोटं झटकत परत यायची.

पण मग काहीतरी विचित्र व्हायला लागलं.

माझी सॅक जड होईना. रोज तिच्यात भर पडत होती, तरी दुपारी ती पहिल्या दिवशीसारखीच वाटायची. मला वाटलं, चढाची सवय झाली. एका संध्याकाळी मी जेवणासाठी माझ्या सॅकमधला डबा काढायला गेलो, तर हातात नुसतं प्लास्टिक आलं. डबा नाही. दुसरी गुंडाळीही पोकळ. मी चक्रावलो. हा डबा आपण खाल्ला का? कधी? की तिच्या सॅकमधला डबा काढून तिच्यातच ठेवला आणि तिची रिकामी गुंडाळी आपल्याकडे आणली?

"काय शोधताय?" तिने विचारलं.

"काही नाही. मीठ."

"मीठ तुमच्या हातात आहे."

होतं खरं. विचारायची तर सोय नव्हती, कारण तोंड उघडलं की माझीच चोरी बाहेर आली असती. पण मनातून हादरलो होतो. तिच्या हृदयाची काळजी करता करता आपलंच डोकं फिरलं की काय? मजा म्हणजे तीही हल्ली सॅकमध्ये हात घालून बराच वेळ तशीच बसायची आणि मग स्वतःशीच मान हलवायची.

खिंडीच्या दिवशी सकाळी धुकं इतकं दाट होतं की मी पाणी आणायला गेलो आणि वाटच चुकलो. तंबू डावीकडे असावा म्हणून वळलो, तर पुढे उजवीकडे आमचा तोच ओढा. हाका मारत, धडपडत परत आलो, तोवर तंबू गुंडाळलेला आणि मुकादम सॅक पाठीला लावून तयार. त्या दिवशी माझा हात तिच्या सॅकपर्यंत पोचलाच नाही. पण मी फिकीर केली नाही. इतक्या दिवसांच्या माझ्या उद्योगानंतर तिच्यात राहिलं होतंच काय? कपडे आणि हवा!

चढ सुरू झाला आणि मी पंचविशीतला झालो. पाठीत एरवी कळ यायची, ती डाव्या पायात उतरायची. कुणाला बोललो नव्हतो. त्या दिवशी ती गायब होती. मी भराभर चढलो, वळून बघितलं, तर मुकादम कितीतरी खाली, वाकलेली. चार पावलं टाकायची आणि काठीवर भार देऊन थांबायची. चेहरा लालबुंद, श्वासाचा आवाज वरपर्यंत येत होता.

पाठीवर हवा घेऊन हिची ही दशा? मग झडप बदलून उपयोग काय झाला? मी खाली धावलो.

"परत फिरू या."

"बाजूला व्हा," ती म्हणाली. एवढंच. श्वास पुरत नव्हता.

मग मी तिच्या मागे मागे चढलो. खुर्चीबद्दल तिला काय सांगायचं, याची वाक्यं मनात जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्यात रडू येत होतं. खिंडीच्या माथ्यावर ती थांबलीदेखील नाही. उतारावरच्या दगडी निवाऱ्यात शिरली, सॅक बाकावर टेकवली, पट्ट्यांतून हात सोडवले आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

मी तिची सॅक खाली ठेवावी म्हणून एका हाताने उचलायला गेलो. ती हललीच नाही.

दोन्ही हात लावले. पाठीतून जुनी कळ सणकन डाव्या पायात गेली. सॅक उघडली. डबे. गुंडाळलेले, न गुंडाळलेले, कपड्यांच्या घड्यांत कोंबलेले. इंधनाच्या सगळ्या बाटल्या. मला काही समजेना.

"हे तुझ्याकडे कसं? हे तर मी—"

तिने डोळे उघडले. "तुम्ही काय?"

मग सांगून टाकलं. तिने कपाळाला हात लावला. "म्हणजे माझ्या गुंडाळ्या तुम्ही पोकळ करत होतात! मला वाटलं, ऑपरेशनच्या वेळच्या भुलीने माझा मेंदू गेला."

"आणि माझ्या?"

"मी. तुम्ही पाण्याला गेलात की."

ती पहाटे माझ्यातलं काढायची, मी थोड्या वेळाने तिच्यातलं काढायचो, आणि तेच डबे रोज इकडून तिकडे फिरत होते. आज मी धुक्यात हरवलो, तेव्हा तिने माझी सॅक पार धुऊन नेली होती.

"का पण?"

"ट्रकमधून उतरताना दार धरून उभे राहता तुम्ही. परवा शेवटचं घर हलवलं, तेव्हा कपाटाची जड बाजू नव्या माणसाला दिलीत. आजवर कधी दिली होतीत का?" मग अचानक तिचा चेहरा उतरला. "म्हणजे परीक्षा बुडाली? इतके दिवस मी काही उचललंच नाही?"

मी माझी सॅक एका बोटाने उचलून तिच्या सॅकशेजारी ठेवली. "बघ."

तिने माझी उचलली. मग स्वतःची उचलून पाहिली. मग पुन्हा माझी. मग ती बाकावर बसली आणि हसता हसता रडायला लागली.

"दोघांची आणली मी."

"दोघांची आणलीस."

जेवण झाल्यावर तिने दुसऱ्या दिवसासाठी सामान लावायला घेतलं, या वेळी माझ्यासमोर. डबे एकेक करून तिच्या सॅकमध्ये जात होते. मी अडवलं नाही. तिने माझ्याकडे एकदाच बघितलं आणि हात चालू ठेवले.

"ऑफिसातली ती नवी खुर्ची," मी म्हणालो. "तिला पाठीला आधार आहे का गं नीट?"

"आहे," ती म्हणाली. "मी बघून ठेवलंय."