नखावरचा लाल ठिपका

जुळ्यांना ओळखायची युक्ती माझीच. मी गोदामात काम करतो. सारख्या दिसणाऱ्या दोन खोक्यांचा घोळ झाला की शिव्या मलाच बसतात, म्हणून एकावर लाल ठिपका मारायची मला सवय. घरी दोन सारखी बाळं आली तेव्हा मी थोरल्याच्या पायाच्या अंगठ्याला बायकोचं लाल नेलपॉलिश लावून मोकळा झालो. थोरला म्हणजे अकरा मिनिटांनी थोरला. "पोरं आहेत ती, माल नाही," असं बायको म्हणाली खरी, पण आठवडाभरात तीही आधी पाय बघून मगच नावाने हाक मारायला लागली.

त्या दिवशी बायको दवाखान्यात ड्यूटीवर गेली आणि जुळी आणि त्यांची मोठी बहीण, अशी तिन्ही पोरं माझ्या गळ्यात पडली. जाताना तिने दहादा बजावलं, "थोरल्याचा कान दुखतोय. दहा वाजता औषध, फक्त थोरल्याला. धाकट्याला चुकूनही देऊ नकोस."

"रोज हजार खोकी सांभाळतो मी," मी म्हटलं, "दोन पोरांचं काय घेऊन बसलीस?"

दहाला पाच कमी असताना मी ड्रॉपर भरला आणि पलंगावरच्या पहिल्या बाळाचा मोजा काढला. लाल ठिपका. दुसऱ्याचा आपला सहज काढून पाहिला. तिथेही लाल ठिपका.

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. दोघंही एका सुरात रडत होते. कोणाचा कान दुखतोय ते विचारायची सोय नव्हती. दोघांचे कान हळूच चाचपून पाहिले, तर दोघांनीही घर डोक्यावर घेतलं. तेवढ्यात बायकोचा फोन.

"दिलंस औषध?"

"हे काय, देतोच आहे," म्हणून मी घाईघाईने फोन ठेवला.

दारात आमची चार वर्षांची लेक उभी होती, हात पाठीमागे.

"तू रंगवलंस?"

"धाकट्याला नव्हतं ना. तो रडत होता."

"अगं बाई, तो भुकेने रडत होता! आता कोण कोणता ते कसं कळणार?" मी आवाज चढवला. नसती अक्कल माझी, आणि ओरडा खाणार ती. हे माझं जुनंच दुखणं आहे.

ती पलंगावर चढली, दोघांच्या मध्ये बसली आणि डावीकडच्याच्या पोटावर हात ठेवला. "हा थोरला."

"कशावरून?"

"याच्या भुवईत भोवरा आहे. त्याच्या नाही."

मी वाकून पाहिलं. होता की भोवरा! तीन महिने माझ्या नाकासमोर होता. तरी गोदामातला माणूस मी, खात्री केल्याशिवाय माल हलवत नाही. जन्माच्या दिवशीचे फोटो काढले, दवाखान्याने मनगटावर बांधलेल्या पट्टीचा नंबर मोठा करून वाचला: एक नंबरच्या बाळाच्या भुवईत भोवरा. भोवरेवाला थोरलाच होता. औषध दिलं आणि मग कुठे जिवात जीव आला.

"तुला बरं कळलं गं!"

"मी तोंड बघते. तुम्ही सगळे पायच बघता."

मी हसलो. ती हसली नाही.

"आणि माझे तर पायपण नाही बघत," ती म्हणाली. "मी पण लावलंय. सकाळपासून."

तीन महिने या पोरीला आम्ही 'थांब जरा' याखेरीज काही ऐकवलं नव्हतं. मी ड्रॉपर बाजूला ठेवला आणि म्हणालो, "दाखव बघू."

तिने दोन्ही मोजे ओढून काढले. ठिपका कसला, दहाच्या दहा बोटं लाल, रंग थेट घोट्यापर्यंत. म्हणजे बाटली संपली होती, आणि संध्याकाळी बायको मला फाडून खाणार होती. मी एकेक बोट नीट पाहिलं. मग तिची हनुवटी धरून तोंडही पाहिलं. डाव्या गालावर एक बारीकसा तीळ होता.

"हा कधी आला?"

"खूप दिवस झाले, बाबा," ती म्हणाली, आणि मला नीट दिसावा म्हणून गाल आणखी पुढे केला.