बारावा कासरा

शिबिराचा फॉर्म भरताना कोकिळानं एकच गोष्ट लपवली, आणि नेमकी तीच सांगायला हवी होती. 'काय त्रास होतो' या रकान्यात तिनं लिहिलं, झोप येत नाही, जेवण जात नाही. खोटं काही नव्हतं त्यात. पण माघातल्या एका सकाळी नवरा, गोकुळ, दोर घेऊन गोठ्यात गेला होता आणि शेजारच्या महादेवरावांनी वेळेवर पाहिलं म्हणून तो आज शेजारच्या खुर्चीवर बसलाय, हे काही तिच्यानं लिहवेना. गावात, बीबीत, सगळ्यांना पोटाचं दुखणं सांगितलेलं. महादेवरावांनी तोंड बंद ठेवलं होतं. मग इथं डोणगावच्या शिबिरात येऊन आपणच ते कागदावर कशाला उमटवायचं?

तेव्हापासून सात महिने तिनं घरात दोर म्हणून ठेवला नव्हता. बैलांना साखळ्या आणल्या. अंगणातली वाळवणाची दोरी काढली आणि कपडे तारेच्या कुंपणावर टाकायला लागली; दोन लुगडी फाटली, तरी हूं की चूं नाही. सुट्टीत आलेल्या प्राचीनं विचारलं, "आई, दोरी काऊन काढली वं?" तर पोरीला अशी झापली की ती बिचारी दोन दिवस बोलली नाही. आणि गोकुळला? गोकुळला कोकिळानं त्या सकाळबद्दल एका शब्दानं विचारलं नव्हतं. नाव काढलं तर ते पुन्हा घरात येईल, अशी तिची पक्की समजूत होती. ती फक्त बघायची. तो मोरीकडे गेला तरी बघायची.

शिबिर होतं मंगल कार्यालयात. चातुर्मासात लग्नं नसतात, म्हणून मालकानं तीन दिवस हॉल मोकळा दिला होता. मनानं खचलेली बारा माणसं, प्रत्येकाबरोबर घरचं एक माणूस. माती, रंग, गाणी, शिवण, जे जमेल ते करा आणि जमलं तर बोला, असा एकूण मामला. चालवणारी प्रेरणा अकोल्याची, पंचविशीतली पोरगी. चांगली होती, पण इतकं हळू आणि गोड बोलायची की हिला आधी चार घास खाऊ घालावेत, असं कोकिळाला वाटायचं.

पहिला दिवस गोकुळनं खांबाला टेकून काढला. हातात मातीचा गोळा दिला होता, तो संध्याकाळी जसाच्या तसा परत केला. शिबिराला जा म्हणणाऱ्या गावच्या आशाताईंच्या शब्दावर उगाच आलो, असं कोकिळाला झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेरणानं हॉलच्या मधोमध अंबाडीच्या वाखाचा, सोललेल्या धाग्यांचा, ढीग ओतला. "पोळा आठ दिवसांवर आलाय," ती म्हणाली. "आज प्रत्येकानं एक कासरा वळायचा. विकतचा नायलॉनचा नाही, आपल्या हातचा."

कासरा म्हणजे बैल हाकणाऱ्याच्या हातातला लांब दोर. म्हणजे दोरच. सात महिने जी वस्तू तिनं दारात येऊ दिली नाही, ती ही पोरगी हसत हसत बारा जणांना वाटत होती. ओरडावं असं वाटलं. पण ओरडायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण तिनंच फॉर्ममधून गाळलेलं. चूक तिची होती आणि ते तिला कळत होतं.

गोकुळ उठला. कोणी बोलावलं नव्हतं. ढिगातला वाख त्यानं बोटांनी चाचपला, पाण्याचा हात लावला, आणि मांडी घालून बसला. समोर मंजुळाबाई होत्या, साखरखेर्ड्याच्या. तरणा मुलगा गेल्यापासून रानात जाणं सोडलेलं. त्यांचा पीळ सारखा सुटत होता.

"मावशी, उलटा वळून राह्यल्या तुमी," गोकुळ म्हणाला. "अशानं नाही बसत. तीन पेड येगयेगळे धरा."

माघानंतर त्यानं आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य. दुपारपर्यंत चार-पाच जण त्याच्याभोवती जमले. एकदा तर तो हसलाही. कोकिळाला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण नजर त्याच्या चेहऱ्यावर ठरेचना. ती त्याच्या हातांवर जात होती, आणि हातात दोर वाढत होता. हात, दोन हात, चार हात.

चार वाजता चहा आला. गोकुळ हात धुवायला गेला. त्याचा पुरा झालेला कासरा सतरंजीवर पडला होता, सगळ्यांत घट्ट आणि एकसारखा. कोकिळानं इकडंतिकडं पाहिलं, तो उचलला आणि आपल्या पिशवीत डब्याखाली दडपला. विचार असा केलाच नाही. घरी रोज करायची तेच हात इथं करून बसले.

गोकुळ परत आला. सतरंजी उचलून पाहिली, वाख चाळवला. कोणाला काही विचारलं नाही. मग जाऊन त्याच खांबाला टेकून बसला. चहा गार झाला तरी हात लावला नाही. कोकिळाला रडू फुटायला आलं. पण परत ठेवायचा कसा? आणि ठेवला, अन् रात्रीतून काही झालं तर?

पाच वाजता प्रेरणा सामान मोजायला बसली. हा तिचा रोजचा नेम. कात्र्या सहा, सुया वीस. कासरे अकरा.

तिनं पुन्हा मोजले. अकराच. तिच्या आवाजातला गोडवा एकदम गेला. "कासरे बारा होते. बारावा सापडेपर्यंत कोणी हॉलच्या बाहेर जायचं नाही."

तिथं जमलेल्यांना एक दोर नाहीसा होण्याचा अर्थ कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मंजुळाबाईंनी हात जोडले. "ज्यानं नेला असन त्यानं देऊन टाका बाप्पा. माहा जीव वरखाली होऊन राह्यला. एक गेला घरातला, आता इथं नको."

"कोणाचा कमी आहे?" प्रेरणानं विचारलं.

"माहा," गोकुळ खांबाजवळून म्हणाला.

सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. त्या नजरा कोकिळाच्या ओळखीच्या होत्या. सात महिने ती अशीच बघत आली होती. आता वीस-बावीस जण बघत होते. गोकुळ उठला, प्रेरणासमोर गेला आणि त्यानं एकेक खिसा उलटा केला. एक कंगवा, बसचं तिकीट, तंबाखूची पुडी. मग सदऱ्याची बटणं काढायला लागला, आत काही लपवलं नाही हे दाखवायला. थोड्याच वेळापूर्वी हीच बोटं दुसऱ्यांना पीळ शिकवत होती.

"थांबा!" कोकिळा इतक्या जोरात ओरडली की तिचं तिलाच नवल वाटलं. तिनं पिशवी पालथी केली. डबा खणखणत पडला, त्यावर दोर. "मी चोरला. त्यायनं काही नाही केलं. मी घेतला." आणि एकदा तोंड उघडल्यावर ते बंद होईना. "मी फॉर्मात खोटं लेह्यलं, ताई. माघात यायनं... गोठ्यात... दोर घेऊन गेलते हे. म्या कोणालेच सांगतलं नाही. मले लय भेव वाटते. घरी वाटते, इथी वाटते, झोपीत बी वाटते."

प्रेरणा पुढं आली, पण मध्ये पडली नाही. कोकिळानं जमिनीवरचा दोर उचलून छातीशी धरला होता. तो गोकुळला द्यावा की प्रेरणाला, तिला सुचत नव्हतं.

"वाळवणाची दोरी कोनं काढली, दावे कोनं नेले, मले समदं मालूम हाय," गोकुळ खालच्या आवाजात म्हणाला. "तू पाहूनच राह्यली, कोकिळा. सात महिने. इचारलं नाही एकडाव बी."

समोर एवढी माणसं, प्रेरणा, मंजुळाबाई. पण आता नाही विचारलं तर जन्मात विचारणं होणार नाही, हे तिला कळलं.

"आज वाटलं का हो तुमाले?"

खोटं सांगावं की खरं, हे गोकुळ ठरवतोय, असं तिला दिसलं. नाही म्हणा, तिचा जीव म्हणत होता, नाही म्हणा.

"हाव," तो म्हणाला. "सकाळी वाख हातात घेतला तवा वाटलं. लय वाटलं. मंग मावशीचा पीळ उलटा बसला, तो सोडवत बसलो. अन् मंग गेलं."

मंजुळाबाईंनी पदर तोंडाला लावला. कोकिळा तिथंच सतरंजीवर बसली. गोकुळही तिच्यासमोर बसला, जवळ, गुडघ्याला गुडघा लागेल इतका. तिच्या हातातला दोर त्यानं मागितला नाही.

"उद्या?" तिनं विचारलं.

"उद्याचं मले काय मालूम," गोकुळ म्हणाला. "उद्या बी इचारजो."