पाचपेक्षा कमी

दोन वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला बाउरोने उत्तर दिलं नव्हतं. राहून गेलं, असं तो स्वतःला सांगत असे. पण ते खरं नव्हतं. त्याने उत्तर पाच वेळा लिहिलं आणि पाचही वेळा फाडलं. मग ते पत्र त्या सालच्या वार्षिक पुस्तकात घालून पुस्तक कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिलं. तिथे हात सहज पोचत नसे.

आपल्या एवढ्याशा देशाच्या सांख्यिकी कार्यालयात बाउरो तीसहून जास्त वर्षं तक्ते लावत आला होता. कुठल्या बेटावर माणसं किती, विहिरी किती, माड किती, जन्मले किती, गेले किती. बोलायला तो भिडस्त. कोणी मोठ्याने हाक मारली तरी आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं त्याला वाटे. आकड्यांशी मात्र त्याचं जमायचं. ते उलटून बोलत नाहीत.

पत्र ओनेवा बेटावरच्या तेरिएता नावाच्या परिचारिकेचं होतं.

‘साहेब, तुमच्या पुस्तकात बालमृत्यूंच्या तक्त्यात आमच्या बेटासमोर दरवर्षी एक आडवी रेघ असते. आमच्या विहिरीचं पाणी बिघडलं आहे. गेल्या पाच वर्षांत अठरा बाळं वर्षाची होण्याआधी गेली. त्यांना चटईत मी माझ्या हाताने गुंडाळलं आहे. पावसाच्या पाण्याच्या टाक्या ज्या बेटांसमोर आकडा होता त्यांना मिळाल्या. आरोग्य खात्याचे लोक म्हणतात, तुमच्याकडे तर कोणी गेलेलंच नाही. ही रेघ कसली, ते कृपा करून कळवावं. मला सातवा महिना आहे, म्हणून घाईने विचारते.’

रेघ कसली, हे बाउरोइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. ती त्यानेच आणली होती. तक्त्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असे : ‘रेघ म्हणजे पाचपेक्षा कमी. कोणाची ओळख पटू नये म्हणून आकडा दिलेला नाही.’ ओनेवावर एखाद्या वर्षी तीन बाळं जात, एखाद्या वर्षी चार. पाच कधीच नाहीत. म्हणून दरवर्षी रेघ. आणि तळाची अक्षरं वाचतो कोण? खात्यात रेघेला शून्य समजत.

नियम आपलाच, तो वाईट हेतूने केलेला नाही, हे कसं लिहावं? आणि लिहून टाकी मिळणार आहे का? असा विचार करत बाउरो कागद फाडत राहिला.

सात-आठ महिन्यांनी ओनेवाहून मृत्यूच्या नोंदींची चळत आली. त्यात एक चिठ्ठी होती. मुलगी. वय चार महिने. आईचा व्यवसाय, परिचारिका.

ओनेवावर परिचारिका एकच होती.

ओळख पटू नये म्हणून ज्याने रेघ काढली, त्यालाच ओळख पटली! बाउरोने ती चिठ्ठी चळतीत परत ठेवली. त्या वर्षी ओनेवावर चार बाळं गेली होती. नियमाप्रमाणे त्याने तक्त्यात रेघ ओढली. पट्टी लावून, सरळ.

पुढच्या वर्षी तीन गेली. पुन्हा रेघ.

यंदा मोठ्या भरतीचं पाणी राजधानीतल्या बंधाऱ्यावरून घरांत शिरलं. ओसरल्यावर लोक चटया वाळत घालत होते, भांडी घासत होते. अशात एक दिवस पन्नाशीची एक बाई कार्यालयात आली. पायाला अजून चिखल होता. ती बंदरावर केवड्याच्या पानांच्या चटया विकायची.

“साहेब, जुनं पुस्तक मिळेल का? बत्तीस वर्षांपूर्वीचं. अख्खं नको, एकच पान हवंय.”

“कुठलं पान, बाई?”

“तान्ह्या बाळांचं. माझ्याकडचं पान पाण्यात विरघळलं. टिनाच्या डब्यात होतं, पण समुद्राला कसला डबा अडवतो? तुमच्याकडे तरी कोरडं आहे ना, की तुम्हीही पोहत होतात?”

बाउरोने पुस्तक काढलं. ते पान उघडलं आणि लगेच ओळखलं. दक्षिणेकडचं एक लहानसं बेट. रकाना : अविवाहित आईचं बाळ, मृत. समोर आकडा : एक.

हा तक्ता त्याच्या उमेदवारीतला, त्याने लावलेला पहिला. पुस्तक बेटावर पोचलं आणि आठवड्याच्या आत तो ‘एक’ कोणाचा, हे सगळ्यांना कळलं होतं. रोतिया नावाची वीस वर्षांची पोर. सभाघरात बापाच्या जागेवरची तिची चटई कोणीतरी गुंडाळून बाहेर ठेवली, म्हणजे तिला वाळीत टाकलं. बापाने तिला पुढच्या बोटीत बसवून दिलं. हे सगळं राजधानीत बाउरोच्या कानावर आलं, तो दोन दिवस जेवला नाही, आणि मग त्याने रेघेचा नियम मांडला.

“तुम्ही रोतिया?” त्याने खाली बघतच विचारलं.

“तुम्हाला कसं माहीत?”

“हा आकडा मी छापला होता. तुमचं आयुष्य माझ्यामुळे उद्ध्वस्त झालं. त्यानंतर मी असा आकडा कधीच छापला नाही, बाई. कोणाचाच नाही. सगळीकडे रेघ ओढली.”

तो वाट बघत होता की ती रडेल, नाहीतर शिव्या देईल. रोतियाने पुस्तक आपल्याकडे वळवलं आणि त्या आकड्यावर बोट ठेवलं.

“दादा, माझ्या बाळाला नाव ठेवायला बापाने दिलं नाही. पुरलं कुठे, तेही दाखवलं नाही. उभ्या बेटावर कोणी म्हणालं नाही की हिला मूल झालं होतं. एवढ्या जगात फक्त या पानावर ते होतं. हे बघा. एक. म्हणून मी पान जपलं.”

“पण लोकांनी...”

“लोकांनी ना! मग त्यांच्यावर ओढायची होती रेघ. चटई त्यांनी गुंडाळली, तुमच्या आकड्याने नाही. लाज त्यांची होती, आणि तुम्ही पुसलं कोणाला? बाळांना! शहाणेच आहात!”

बाउरोने टेबलावरची पट्टी उचलून बाजूला ठेवली.

“बरं, रेघ ओढण्याआधी एका तरी आईला विचारलंत का, बाई, तुझं लपवू की सांगू?”

“नाही.”

“विचारायला काय पैसे पडत होते?”

बाउरो स्टुलावर चढला. वरच्या फळीवरून पुस्तक काढलं आणि आतलं पत्र तिच्या पुढ्यात ठेवलं. रोतियाने ते हळूहळू, ओठ हलवत वाचलं. शेवटच्या ओळीवर थांबली.

“हिचं बाळ?”

“गेलं. चार महिन्यांचं होऊन.”

“आणि तुम्ही उत्तर दिलं नाहीत.”

“नाही.”

“टाकी मिळाली असती की नसती, देव जाणे,” ती म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. “पण त्या पोरीला वाटलं असेल, आपलं ऐकायला कोणी नाही. असंच वाटत मी बत्तीस वर्षं काढलीयत. आजच्या आज लिहा, दादा. फाडायचं नाही. मी बसते इथे.”

आणि ती खरंच बसली, दारातल्या बाकावर, बाउरोने पुस्तकातून काढून दिलेलं पान उराशी धरून. बाउरोने सात वर्षांच्या चिठ्ठ्या काढून बेरीज केली. पंचवीस. पंचवीस म्हणजे पाचपेक्षा कितीतरी जास्त! वर्षं एकत्र मांडायला कोणता नियम आड येत होता? कोणताच नाही. आडवी आली होती ती त्याचीच भीड. हे ध्यानात आल्यावर मात्र त्या भिडस्त माणसाने टेबलावर डोकं टेकलं आणि तो रडला.

मग त्याने लिहिलं : ‘तेरिएताबाई, ती रेघ माझी. तिच्याखाली सात वर्षांत पंचवीस बाळं आहेत. एक तुमची मुलगी. मला तेव्हाच कळलं होतं आणि मी गप्प बसलो. क्षमा मागण्याचा मला अधिकार नाही. पंचवीस हा आकडा आज माझ्या सहीने आरोग्य खात्याकडे जातो आहे. पुस्तकात छापायचा की नाही, ते बेटावरच्या आयांना विचारून कळवावं. त्या म्हणतील तसं करीन.’

मित्रांनो, आपला देश लहान. इथे प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखतो, म्हणून आपण एकमेकांची दुःखं झाकायला फार लवकर शिकतो. पण झाकलेलं दुःख नाहीसं होत नाही. त्याला मदत पोचत नाही, एवढंच. ज्याच्यावर बेतलं त्याला लाजवू नका. त्याला विचारा, आणि तो बोलला तर मोजा. पाचपेक्षा कमी म्हणजे कोणीच नाही, असं होत नाही.

बाउरो टपाल कचेरीत पोचला, तेव्हा ओनेवाची बोट सुटायची वेळ झाली होती. खिडकीतला कारकून हसला.

“बाउरोबाबा, तुम्ही आणि पत्र? लग्नाबिग्नाचं ठरवताय की काय या वयात?”

“उत्तर आहे,” बाउरो म्हणाला.

कारकुनाने तिकीट चिकटवून पत्र ओनेवाच्या थैलीत टाकलं. थैलीत दुसरं काही नव्हतं. नोंदवही ओढून तो पुटपुटला, “एका पत्राचं काय लिहायचं,” आणि त्या रकान्यात रेघ मारायला त्याने पेन टेकवलं.

“एक लिहा,” बाउरो म्हणाला. एवढ्या मोठ्याने बोलताना त्याला कोणी कधी ऐकलं नव्हतं.

कारकुनाने एक लिहिलं. थैलीचं तोंड बांधलं, आणि पत्र बोटीकडे गेलं.