रुव्हालच्या उत्तर स्टँडचा बॅनर

मला वाचवलं, असं तुम्ही ऑफिसवाले येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आलात. साफ खोटं आहे ते. तुम्ही मला उचललंत, ड्रायक्लीन केलंत, काचेत बसवलंत आणि वर एक पिवळा दिवा लावलात. कुणाला विचारलं होतंत?

मी रुव्हालच्या फुटबॉल क्लबचा बॅनर बोलतोय. जाड सुती कापडाचा, चार माणसांनी ताणून धरावा लागेल एवढा लांब. निळ्या अंगावर पांढरी फ्रेंच अक्षरं आहेत : 'आम्ही इथेच आहोत.' आणि परवापर्यंत मी टांगलेला होतो अमेरिकेत, न्यू जर्सीत, आयसेलिन स्टेशनाजवळच्या एका ऑफिसात, कॉफी मशीनच्या समोर.

रुव्हाल हे उत्तर फ्रान्समधलं कापड गिरण्यांचं गाव. युद्ध संपल्यावर गिरणी कामगारांनीच हा क्लब काढला. पुढे तो व्यावसायिक झाला, पगारी खेळाडू आले, एकदा तर कपच्या सेमीफायनलपर्यंत मजल गेली. हे सगळं माझ्या जन्माआधीचं. पण स्टँडवरच्या म्हाताऱ्यांकडून इतक्यांदा ऐकलंय, की त्या सामन्यातली हुकलेली पेनल्टी मीच मारली होती असं वाटायला लागलंय.

गिरणी बंद पडली त्या वर्षी मी जन्मलो. शेवटच्या ताग्यातलं कापड बेर्नार नावाच्या तरुण कामगारानं युनियनच्या हॉलमध्ये अंथरलं आणि दोस्तांबरोबर ही अक्षरं रंगवली. काम गेलेली माणसं होती ती. गोलमागच्या उत्तर स्टँडवर उभी राहून सामनाभर गायची. संघ हरत असला तर जास्त मोठ्यानं. क्लब खाली घसरला, वर आला, पुन्हा घसरला. मी पावसात भिजलो, बिअरमध्ये भिजलो, कठड्यावर बांधून माझ्या कडा विरल्या. तक्रार नव्हती.

स्टँडवर गाणाऱ्या चाहत्यांच्या अशा गटांचा एक कायदा असतो. बॅनर म्हणजेच गट. तो परक्याच्या हातात गेला की गट संपला, त्या दिवसापासून गाणं बंद. म्हणून सामना संपला की बेर्नार माझी घडी करून मला घरी न्यायचा आणि कपाटात ठेवायचा, बायकोच्या साड्या ठेवाव्यात तसा. ही साड्यांची उपमा मी इथे आल्यावर शिकलो.

मग अमेरिकेतल्या एका गुंतवणूक फंडानं क्लब विकत घेतला. त्याच हिवाळ्यात बेर्नारच्या घरात पुराचं पाणी शिरलं, म्हणून त्यानं मला स्टँडखालच्या खोलीत ठेवलं. आठवडाभरात नव्या मालकांनी कुलपं बदलली आणि खोली रिकामी करायला घेतली. तिथे होता अनुप. मूळचा नागपूरचा, फंडातला मोठा साहेब. कचऱ्याच्या ढिगात त्याला मी दिसलो, आवडलो. सुटकेसमध्ये घालून तो मला घेऊन आला.

मला नव्या मालकांनी नेल्याचं कळलं आणि रुव्हालमध्ये गटाची सभा झाली. मालक परका की आपला? बराच वाद झाला. परका, असं ठरलं. गट बरखास्त झाला आणि उत्तर स्टँड गप्प झाला.

इकडे मीटिंगा भरायच्या. "ॲटमॉस्फिअर का पडलंय?" मी भिंतीवरून ऐकत होतो. शेवटी त्यांनी स्टेडियममध्ये स्पीकर बसवून रेकॉर्ड केलेली गाणी वाजवली. माणसांची ही सवय मला कधी कळली नाही. आधी तोंडं बंद करायची, मग आवाज विकत आणायचा.

कारण शोधून काढलं दीक्षानं. नवीच लागलेली, तीही नागपूरची. प्रेक्षकांच्या कॉमेंट्स भाषांतर करून वाचणं हे तिचं काम. एक दिवस ती अनुपला ओढतच माझ्यासमोर घेऊन आली.

"दादा, हा काढ. आत्ता."

"दीक्षा, यार, ते कंपनीचं आहे. आणि मी नसतो तर डंपरमध्ये गेलं असतं. मी वाचवलंय ते."

"नागपुरात, आपल्या पाचपावलीत कुणी आपला निळा झेंडा काढून नेला असता आणि ऑफिसात फ्रेम करून लावला असता, तर? थँक्यू म्हणाला असतास?"

अनुप बराच वेळ कॉफी ढवळत राहिला. त्यात साखर नव्हतीच. मग म्हणाला, "बॉसशी बोलतो." तो बोलला की नाही, मला माहीत नाही. मी भिंतीवरच राहिलो.

संघ तळाला गेला. फंडाला कंटाळा आला आणि त्यांनी क्लब विकला. नवा मालक कर्जात बुडाला, क्लबचं दिवाळं निघालं. फंडानं आता गोदामांत पैसा घातला होता, भिंतीवर त्यांचेच फोटो लागणार होते. तेव्हा कुठे अनुपनं मला काचेतून काढलं आणि दीक्षाच्या हातात दिलं. "घेऊन जा. इथे आता कुणाला नकोय." तिला जिंकायचं होतं. मी तिला असा मिळालो, नकोसा झाल्यावर.

तिनं बेर्नारला व्हिडिओ कॉल लावला. तो आता थकलाय. गावातल्या कॅफेची मालकीण साबीन मध्ये बसून त्याचं बोलणं इंग्रजीत करून सांगत होती.

"मी परत पाठवते. पुढच्याच आठवड्यात," दीक्षा म्हणाली.

साबीननं विचारलं, ऐकलं, मान हलवली. "तो म्हणतो, पाठवू नकोस. गेलेला बॅनर पुन्हा लावत नाहीत."

"मग नवा करा ना!"

"गावातली पोरं नवा क्लब काढतायत, अगदी खालच्या डिव्हिजनमधून. गायचंय त्यांना. पण जुना कुठेतरी टांगलेला असताना नवा बांधायचा कसा? तो म्हणतो, जाळ. आम्हाला बघू दे."

दीक्षा रडली. मला वाचवायला निघालेली मुलगी ती! तिला सांगावंसं वाटलं, बाई गं, मी दमलोय. मला जपू नका. जपलेल्या कापडाखाली कुणी गात नाही.

आज रविवार. ऑफिसजवळच्याच एडिसन गावात दीक्षाच्या मैत्रिणीच्या, रीमाच्या अंगणात लोखंडी शेगडी पेटलीय. अनुपही आलाय, बोलावलं नसताना. अर्धीच घडी मोडून तो मला एका बाजूनं धरतो, दीक्षा दुसऱ्या. रीमानं समोर फोन धरलाय. फोनमध्ये रुव्हालचं मैदान, बंद स्टेडियमबाहेर जमलेली माणसं आणि मध्ये टोपी काढून उभा असलेला बेर्नार.

माझी कड पेट घेते. सुती कापड चांगलं जळतं. जातो मी. नव्याला घट्ट बांधा, आणि कुणाला जपायला देऊ नका.

फोनमध्ये आधी एकच घोगरा आवाज गाऊ लागतो. मग बरेच. चित्र हलतं, थांबतं, पुन्हा हलतं, आणि त्या कल्लोळात साबीन ओरडून विचारते, "हॅलो? तिकडे ऐकू येतंय का?"