सातवा उतारू

प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, असा माझा भुतांचा खेळ. पण तीन रविवार भाऊ आणि त्याचे मित्र फासे टाकून भुताला लोळवत आणि खिदळत. आज कोणी घाबरलं नाही, तर खेळ कायमचा बंद करायचा होता. पुरात बुडालेल्या नावाड्याची जुनी गोष्ट आत्याची, म्हणून भूतही तिलाच केलं.

"ताई, भुताची ताकद किती?" भावाने फासे उचलले.

"चाळीस," मी म्हणाले.

"काहीतरीच! नावाडी कुठे मारामारी करतो?" आत्या भावाशेजारी सरकली. हळूच म्हणाली, "नाव उलटली तेव्हा सात उतारू होते. सहा सापडले. सातवा तूच ना रे?"

भाऊ किंचाळून माझ्यामागे लपला. सगळे हसत ओरडले, "आत्या, पुन्हा!"

मी लगेच पुढच्या रविवारची वेळ सांगितली.