अप्पांचा उरलेला शब्द

अप्पा शिंपी होते, आणि त्यांची जीभ कात्रीहून धारदार. लेकीने पहिल्यांदा खिसा लावला तेव्हा त्यांनी तो उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "दिव्य!" तेव्हापासून तिची प्रत्येक शिवण दिव्य, तिचा चहा दिव्य, आणि तिने पसंत केलेला नवरा तर महादिव्य. साधं 'बरं जमलंय' काही तिच्या वाट्याला आलं नाही.

मग अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली, आणि देवाची थट्टाच म्हणायची, मागे राहिला तो नेमका हाच शब्द. भूक लागली, दिव्य. लघवीला जायचंय, दिव्य. डॉक्टर सुई टोचून गेले, तरी दिव्य. दुकानातली गिऱ्हाइकं खूश, कारण म्हातारा आपल्याच कापडाचं कौतुक करतोय असं प्रत्येकाला वाटे. कोणतं दिव्य भुकेचं आणि कोणतं रागाचं, हे एकट्या लेकीला कळायचं.

त्यांना कपडे चढवणं हेही एक दिव्यच होतं. अप्पांनी कळत्या वयापासून दुसऱ्याच्या हातचा शर्ट अंगाला लावला नव्हता, आणि त्यांनी स्वतः शिवलेला शेवटचा शर्ट आता विरून गेला होता. विकतचा आणला की तोंड फिरवून बसत. शेवटी लेकीने मनाचा हिय्या केला आणि स्वतःच शर्ट शिवायला घेतला. लुळा हात सहज जावा म्हणून उजवी बाही ऐसपैस ठेवली, काखेत जादा तुकडा घातला, बटणांऐवजी वेल्क्रो लावलं. हाही शर्ट त्यांनी झिडकारला तर आपण त्यांच्या लेखी कायमच्या कच्च्या, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं.

"अप्पा, बघा बरं."

"दिव्य," अप्पा म्हणाले. तोच जुना खवचट सूर. तिचा चेहरा पडला.

"राहू दे. तुमच्यासारखं मला कुठून जमायला!" ती शर्टाची घडी करू लागली.

अप्पांनी डाव्या हाताने शर्ट खसकन ओढून घेतला. मांडीवर उलटा केला. काखेची शिवण अंगठ्याने चाचपली. कातडीला टोचू नये म्हणून तिने तिथल्या कडा आत दुमडून हाताने टीप घातली होती. अंगठा तिथेच थांबला.

मग त्यांनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला, जन्मभर कात्री चालवलेला, आता लोंबणारा हात, आणि तिच्यापुढे धरला.

"हो हो, घालते," ती म्हणाली खरी, पण डोळे इतके भरून आले होते की तिला बाहीचं तोंडच सापडेना.